समोर बसलं की चालते, रात्री अडते: एक्स्पेक्टच्या स्क्रिप्टचं नेमकं काय बिघडतं?

आधी प्रश्न थोडक्यात. नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात १४ नेटवर्क स्विच आहेत. दर शनिवारी प्रत्येकात लॉगिन करायचं, कॉन्फिगरेशन पडद्यावर आणायचं आणि फाइलमध्ये साठवायचं. हे काम हातानं चालायचं. पहिल्यांदा पासवर्ड आणि कमांड एका फाइलीत लिहून ती फाइल एसएसएचला (दूरच्या मशीनमध्ये लॉगिन करून देणारा प्रोग्राम) जोडून पाहिली, त्यानं दादच दिली नाही. मग एक्स्पेक्ट सापडलं, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रामच्या प्रश्नांना उत्तरं देणारं साधन. त्याच्यासोबतच्या ऑटोएक्स्पेक्टकडून स्क्रिप्ट करून घेतली, त्यात काटछाट करून प्रत्येक स्विचसाठी तेच परत करणारा लूप टाकला. समोर बसून चालवली तर व्यवस्थित. रात्री क्रॉननं (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारा) चालवली की कधी मध्येच लटकते, काही स्विचच्या फाइलीत वरचा भाग गायब असतो, आणि शेवटी बॅकअपच्या मशीनवर पाठवलेली फाइल एखाद्या वेळी अर्धीच पोचते. तेव्हा हेच दुरुस्त करावं की दुसरं काही शोधावं?

हेच दुरुस्त करा. तुमच्या तीन तक्रारींची तीन वेगळी कारणं आहेत आणि तिन्ही मी स्वतः कधी ना कधी भोगलेली आहेत. अंबड-सातपूर पट्ट्यात वीसेक वर्षं हेच करतोय, त्यामुळे स्क्रिप्ट वाचताना जुने ओळखीचे चेहरे भेटल्यासारखं वाटलं.

पहिला प्रयत्न का फसला ते आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लासलगावच्या कांद्याच्या लिलावात एखादा व्यापारी घरूनच बोल्या कागदावर लिहून घेऊन आला आणि कानात बोळे घालून एकामागून एक वाचत सुटला, तर काय होईल? पहिल्या ट्रॉलीची बोली तिसऱ्या ट्रॉलीला लागेल. कमांडची फाइल प्रोग्रामला जोडून देणं म्हणजे हेच. समोरचा काय विचारतोय याकडे लक्षच नाही. शिवाय एसएसएच पासवर्ड वाचतो तो थेट टर्मिनलवरून. तुम्ही जोडलेल्या फाइलीकडे तो त्या वेळी बघतही नाही. पासवर्ड माणसानं बसून टाकावा, असाच त्याचा हिशेब आहे.

एक्स्पेक्ट हा हिशेब चुकवतो. तो प्रोग्रामला एक खोटं टर्मिनल देतो, ज्याला सूडो-टर्मिनल म्हणतात. प्रोग्रामला वाटतं समोर कीबोर्ड आणि पडदा आहे, पण दुसऱ्या टोकाला तुमची स्क्रिप्ट बसलेली असते. डॉन लिब्स या गृहस्थांनी हे १९९० मध्ये अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेत, एनआयएसटीत असताना लिहिलं. जॉन ऑस्टरहाउट यांची टीसीएल ही छोटी भाषा नुकतीच आली होती, तिच्यावरच त्यांनी हे बांधलं. सरकारी नोकरीत केलेलं काम म्हणून ते सार्वजनिक मालकीचं, म्हणजे फुकट आणि कुणाच्याही परवानगीशिवाय वापरता येणारं. लिनक्सवर याच नावाचं पॅकेज मिळतं, मॅकवर तर आधीच असतं. जीडीबी या डीबगरच्या, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधणाऱ्या साधनाच्या, चाचण्या ज्या देजाग्नू या चाचणीच्या साधनावर चालतात, त्याच्याही पोटात एक्स्पेक्टच आहे. जुनं आहे म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

शब्द चारच लक्षात ठेवायचे. 'स्पॉन' प्रोग्राम सुरू करतो. 'एक्स्पेक्ट' त्याच्याकडून ठरावीक मजकूर येण्याची वाट बघतो. 'सेंड' आपल्याकडून अक्षरं टाइप करतो. 'इंटरॅक्ट' कीबोर्ड तुमच्या हाती सोपवतो. या चौथ्याकडे लोक दुर्लक्ष करतात, पण मला रोज तोच लागतो. जुन्या सर्व्हरमध्ये तीन पायऱ्यांनी शिरावं लागतं, तिथं स्क्रिप्ट मला आतपर्यंत नेऊन सोडते आणि बाजूला होते. क्रॉनमध्ये मात्र त्याचा उपयोग नाही, तिथं कीबोर्डच नसतो.

आता लटकण्याची तक्रार. ऑटोएक्स्पेक्ट म्हणजे तुमच्या मागे उभा राहून सगळं टिपून घेणारा कारकून. तुम्ही काय टाइप केलं आणि पडद्यावर काय आलं, ते तो अक्षरशः लिहून ठेवतो. अक्षरशः म्हणजे 'याआधीचं लॉगिन अमुक तारखेला अमुक वाजता' ही ओळसुद्धा. उद्या ती तारीख बदललेली असणार! त्यात तो स्क्रिप्टच्या डोक्यावर टाइमआउट उणे १ लिहून ठेवतो. त्याचा अर्थ 'अपेक्षित मजकूर येईपर्यंत कितीही वेळ थांब'. तुमच्या स्क्रिप्टमध्ये ती ओळ तशीच आहे. मजकूर जरा जरी बदलला की ती सकाळपर्यंत थांबते, आणि सकाळी तुम्हाला दिसतं की 'लटकली'. समोर बसून चालवताना असं झालं तर तुम्ही कंट्रोल-सी दाबून परत चालवता आणि विसरून जाता. रात्री ते दाबायला कुणी नसतं.

ऑटोएक्स्पेक्टला 'पी' हा पर्याय दिला तर तो फक्त शेवटची ओळ, म्हणजे बहुधा प्रॉम्प्ट (पुढची कमांड द्या असं सुचवणारी खूण), तेवढीच टिपतो. तरी माझं मत असं की त्याचा उपयोग कच्च्या आराखड्यापुरता करावा. संवाद कसा जातो ते एकदा कळलं की स्क्रिप्ट कोऱ्या फाइलीत स्वतः लिहावी. ५०-६० ओळींचं काम आहे.

मग उणे १ काढून टाकलं की झालं? नाही, उलट आता जास्त सांभाळा. काहीच सांगितलं नाही तर एक्स्पेक्ट १० सेकंद थांबतो आणि मजकूर आला नाही तरी मुकाट्यानं पुढच्या ओळीवर जातो. ना चूक दाखवतो, ना थांबतो. पुढच्या ओळीवर सेंड असेल तर ते पाठवून मोकळा. आला का परत तोच कानात बोळे घातलेला व्यापारी!

यावर माझीच गोष्ट सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका कारखान्यात गेटवरच्या वजनकाट्याचा जुना, काळ्या पडद्यावरचा प्रोग्राम होता. रोज रात्री बॅकअप घेताना तो विचारायचा, 'बॅकअप सुरू करू का? हो की नाही?' मी स्क्रिप्टमध्ये फक्त 'हो की नाही' एवढाच तुकडा शोधला आणि उत्तर ठेवलं 'हो'. दीड वर्ष सुरळीत चाललं. एका रात्री डिस्क भरत आली आणि प्रोग्रामनं त्याआधी एक नवा प्रश्न विचारला: 'जागा कमी आहे, जुन्या नोंदी पुसू का? हो की नाही?' माझ्या स्क्रिप्टनं प्रामाणिकपणे 'हो' म्हटलं. तीन महिन्यांच्या ट्रकांच्या नोंदी गेल्या. सुदैवानं वजनाच्या पावत्यांच्या कार्बन प्रती गोणीत बांधून ठेवलेल्या होत्या. मी आणि स्टोअरमधले दोघं चार दिवस त्या पावत्या बघून नोंदी टाइप करत होतो, आणि त्या चारही दिवसांची मिसळ माझ्याच खिशातून झाली. प्रोग्रामचा काही दोष नव्हता. त्यानं विचारून पुसलं होतं.

तेव्हापासून सेंडपेक्षा एक्स्पेक्टच्या ओळीवर माझा तिप्पट वेळ जातो. प्रश्नातला असा तुकडा पकडायचा, जो दुसऱ्या कुठल्याही प्रश्नात येणार नाही. आणि एका एक्स्पेक्टमध्ये एकच नमुना न ठेवता तीन-चार ठेवायचे: हवा तो प्रॉम्प्ट, 'पासवर्ड चुकला' हा संदेश, टाइमआउट, आणि ईओएफ, म्हणजे समोरच्यानं संभाषण तोडलं ते. एकाच वेळी दोन नमुने जुळले तर जो आधी लिहिलाय तो लागू होतो, म्हणून चुकीचे संदेश वर आणि प्रॉम्प्ट खाली. टाइमआउट झाला तर कुठला स्विच, कुठली पायरी, हे लिहून तो स्विच सोडायचा आणि पुढच्याकडे जायचं. शेवटी एकही स्विच सुटला असेल तर स्क्रिप्टनं शून्य सोडून दुसऱ्या आकड्यानं बाहेर पडायचं, म्हणजे जिथून चालवली तिथं ते कळेल.

दर वेळी टाइमआउट आणि ईओएफ लिहायचा कंटाळा येतो, त्यासाठी 'एक्स्पेक्ट_आफ्टर' आहे. त्यात एकदा लिहिलं की पुढच्या प्रत्येक एक्स्पेक्टला लागू. फक्त ते स्पॉनच्या नंतर लिहा, आणि लूपमध्ये दर स्विचला नव्यानं लिहा. ते लिहिण्याच्या क्षणी जो प्रोग्राम चालू असेल त्यालाच चिकटतं. स्पॉनच्या आधी लिहून 'हे काम का करत नाही' म्हणून मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

प्रॉम्प्टबद्दल आणखी थोडं. तुम्ही नुसता '#' शोधताय. स्विचच्या स्वागत-संदेशात सुशोभनासाठी ##### अशी रांग असते, कॉन्फिगरेशनमधल्या वर्णनातही कुणीतरी '#' लिहिलेलं असतं. तिथं तो भेटला की स्क्रिप्टला वाटतं काम झालं. स्विचचं नाव आणि त्याला लागून '#', असा पूर्ण प्रॉम्प्ट शोधा, तोही आतापर्यंत आलेल्या मजकुराच्या शेवटी असेल तरच जुळेल असा. दुसरं म्हणजे तुम्ही पाठवलेली कमांड पडद्यावर उमटते तशी ती एक्स्पेक्टलाही परत ऐकू येते. कमांडमधलाच शब्द उत्तरात शोधलात तर तुमचाच आवाज ऐकून स्क्रिप्ट खूश होणार. आणि एंटर म्हणून ओळ संपवायची ती बॅकस्लॅश-आर नं, बॅकस्लॅश-एन नं नाही. माणूस एंटर दाबतो तेव्हा टर्मिनल तेच पाठवतं.

दुसरी तक्रार, वरचा भाग गायब. याचं उत्तर तुम्ही काय खोडलंत त्यात आहे. ऑटोएक्स्पेक्टच्या स्क्रिप्टमध्ये 'मॅच_मॅक्स १०००००' अशी एक ओळ असते. तुमच्या स्क्रिप्टमध्ये ती नाही, निरुपयोगी वाटून काढली असणार. एक्स्पेक्ट आलेला मजकूर एका बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, धरून ठेवतो आणि मुळात त्याची हमी फक्त २००० बाइटांची असते. त्याहून जास्त आलं की जुनं विसरत जातो. म्हणून छोट्या स्विचचं कॉन्फिगरेशन पूर्ण येतं आणि ४८ पोर्टवाल्याची शेपटीच हाती लागते. ती ओळ परत घाला, झालं. माझी पद्धत याहून थोडी वेगळी आहे. मी बफरवर विसंबत नाही. 'लॉग_फाइल' नं येणारा मजकूर येईल तसा थेट फाइलीत उतरवतो आणि बफर फक्त प्रॉम्प्ट ओळखण्यापुरता वापरतो. लॉग_फाइल जुन्या फाइलीला जोडत जाते, म्हणून 'नोअपेंड' द्या. पडद्यावरचं दिसणं 'लॉग_यूजर ०' नं बंद केलं असेल तर 'ए' हा पर्यायही द्या, नाहीतर फाइल रिकामी राहील.

स्विच पानापानानं मजकूर दाखवत 'मोर' म्हणून थांबत असेल, तर सिस्को कंपनीच्या पद्धतीच्या स्विचवर 'टर्मिनल लेंग्थ ०' ही कमांड आधी देऊन टाका. ती चालत नसेल तिथं 'मोर' हा एक नमुना ठेवा, त्यावर स्पेस पाठवा आणि 'एक्स्प_कंटिन्यू' म्हणा. त्यानं तोच एक्स्पेक्ट पुन्हा सुरू होतो आणि टाइमआउटचं घड्याळही पहिल्यापासून चालू होतं. वेगळा लूप लिहावा लागत नाही.

तिसरी तक्रार मला सगळ्यात आवडली, कारण हा सापळा फार सुंदर आहे. तुम्ही एससीपी (एसएसएचवरून फाइल पाठवणारा प्रोग्राम) स्पॉन करता, पासवर्ड पाठवता आणि स्क्रिप्ट तिथं संपते. स्पॉन प्रोग्राम संपण्याची वाट बघत नाही, तो नुसता सुरू करून देतो. स्क्रिप्ट संपली की खोटं टर्मिनल बंद होतं आणि त्यावर चालणाऱ्या एससीपीला हँगअपचा सिग्नल जातो, म्हणजे फोन मध्येच ठेवल्यासारखं. फाइल लहान असेल तर तेवढ्यात पोचते, मोठी असेल तर अर्ध्यात तुटते. म्हणून 'एखाद्या वेळी'. पासवर्डनंतर ईओएफची वाट बघा, तीही टाइमआउट चांगला वाढवून, कारण १० सेकंदांत मोठी फाइल जाणार नाही. मग 'वेट' म्हणा. वेट चार गोष्टींची यादी परत देतो, त्यातली चौथी म्हणजे प्रोग्राम कोणत्या आकड्यानं संपला ते. शून्य असेल तरच 'पोचली' समजा.

पण खरं सांगू का, या पायरीला एक्स्पेक्ट नकोच. बॅकअपचं मशीन लिनक्सचं आहे, तुमच्याच ताब्यातलं आहे. एसएसएचची की, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाइल, करून तिथं ठेवा, पासवर्डचा प्रश्नच येणार नाही. माझ्याकडे एक्स्पेक्टची चौकशी करणाऱ्यांपैकी निम्म्यांना मी आधी परत पाठवतो. पॅकेज टाकताना 'हो' म्हणायचंय? अ‍ॅप्टला तसा पर्याय आहे. शंभर जणांचे पासवर्ड बदलायचेत? 'सीएचपासडब्ल्यूडी' यादी घेऊन एका दमात बदलतो. ज्या प्रोग्रामला दुसरा दरवाजाच नाही, त्याच्यासाठी एक्स्पेक्ट. तुमचे जुने स्विच त्यातलेच, म्हणून तिथं शोभतो.

क्रॉनमध्ये आणखी एक गोष्ट घडत असावी. स्क्रिप्ट तुम्ही स्वतःच्या नावानं तपासली आणि क्रॉन रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याच्या, नावानं लावला. एसएसएच ओळखीच्या मशीनची यादी प्रत्येकाच्या घरात वेगळी ठेवतो. रूटला हे स्विच अनोळखी, म्हणून तो विचारतो, 'याच्यावर विश्वास ठेवून पुढे जाऊ का?' हा प्रश्न तुम्हाला कधी दिसलाच नाही, म्हणून स्क्रिप्टमध्येही नाही. क्रॉन तुमच्याच नावानं लावा, की प्रश्न मिटला. इंटरनेटवर सगळीकडे या प्रश्नाला आपोआप 'यस' म्हणणारी ओळ सापडेल, ती उचलू नका. उद्या खरंच कुणी मध्ये दुसरं यंत्र लावून बसलं तर त्यालाही तुमची स्क्रिप्ट 'यस' म्हणून पासवर्ड देईल. हा प्रश्न आला तर स्क्रिप्टनं थांबावं आणि तुम्हाला सांगावं. याशिवाय क्रॉनला तुमचा पाथ, म्हणजे प्रोग्राम कुठं शोधायचे ती यादी, माहीत नसतो, प्रोग्रामचे पूर्ण पत्ते लिहा.

पासवर्ड स्क्रिप्टमध्येच लिहिलाय, तो काढा. कमांडच्या ओळीवरही देऊ नका, चालू प्रोग्रामची यादी दाखवणारी 'पीएस' कमांड मारणाऱ्या कुणालाही तो दिसतो. वेगळ्या फाइलीत ठेवा, तिची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी), आणि स्क्रिप्टनं तिथून वाचावा. पासवर्डमध्ये डॉलर किंवा चौकटी कंस असेल आणि तो स्क्रिप्टमध्ये अवतरणचिन्हांत लिहिला असेल, तर टीसीएल त्याचा भलताच अर्थ लावतं. फाइलीतून वाचला की ती कटकटही जाते. पासवर्डच्या सुरुवातीला आडवी रेघ असेल तर सेंडनंतर दोन आडव्या रेघा द्या. काही स्विचवर असंही होतं की 'पासवर्ड' हा शब्द आधी छापला जातो आणि अक्षरं लपवण्याची तयारी नंतर होते. स्क्रिप्ट माणसापेक्षा फार चपळ, ती मधल्या फटीत पासवर्ड पाठवून टाकते आणि तो वाया जातो. सेंडच्या आधी सेकंदाचा दहावा भाग थांबलं की भागतं.

अडलं कुठं ते बघायला 'एक्स्प_इंटर्नल १' लावा. आलेला मजकूर, त्यातली न दिसणारी अक्षरं आणि प्रत्येक नमुना जुळला की नाही, सगळं छापून येतं. अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे पाच मिनिटांत कळतं. फक्त त्यात पाठवलेला पासवर्डही स्वच्छ दिसतो, तेव्हा तो मजकूर कुणाला मदतीसाठी पाठवण्याआधी पुसा. तुम्ही मला पाठवलेल्यात तो तसाच होता. बदलून घ्या.

पायथन येत असेल तर पीएक्स्पेक्ट हेच काम त्या भाषेत करतं, आणि नेटमिको तर नेटवर्कच्या यंत्रांसाठीच आहे, 'मोर' आणि प्रॉम्प्टची डोकेदुखी ते स्वतः सांभाळतं. उद्या सिन्नरच्या प्लांटचे वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विचही तुमच्या गळ्यात पडले तर तिकडे वळा. आजच्या १४ साठी नवं शिकण्याइतकं काही नाही.

दुरुस्ती झाली की थेट क्रॉनला लावू नका. शनिवारी दुपारी एका स्विचची केबल काढून ठेवा, दुसऱ्याचा पासवर्ड यादीत मुद्दाम चुकीचा लिहा आणि स्क्रिप्ट चालवा. १२ फाइली पूर्ण यायला हव्यात. सिस्को पद्धतीचं कॉन्फिगरेशन 'एंड' या ओळीनं संपतं, तेवढं प्रत्येक फाइलीत आहे का बघा. आणि उरलेल्या दोन स्विचची नावं, कुठल्या पायरीवर अडले त्यासकट, पडद्यावर दिसायला हवीत. केबल परत लावायला विसरू नका, सोमवारी सकाळी पहिला फोन तुम्हालाच येईल.